तात्पुरत्या पासने पासवर्डमुक्त लॉगिन: दिवसवार नोंदी

दिवस १: धोरण चालू केलं

काम असं: साधारण १८० खाती पासवर्डवरून पासकी (फोनमध्ये किंवा चावीत राहणारी डिजिटल किल्ली) आणि विंडोज हॅलोवर (त्या-त्या लॅपटॉपपुरता पिन, चेहरा किंवा बोट) न्यायची. ओळखव्यवस्था मायक्रोसॉफ्ट एंट्रा आयडी, म्हणजे २०२३ पर्यंतची ॲझ्युअर एडी. बहुतेक लॅपटॉप विंडोज ११ चे आणि थेट क्लाउडला जोडलेले. काही जुने मात्र हायब्रिड, म्हणजे कार्यालयातल्या डोमेनलाही जोडलेले.

मुख्य अडचण पहिल्याच पायरीवर आहे. सुरक्षा-चावी (यंत्राला लावायची छोटी भौतिक चावी) नोंदवायची तर गेल्या ५ मिनिटांत एमएफए, म्हणजे पासवर्डाखेरीज आणखी एका पुराव्याने ओळख पटवणं, झालेलं असावं लागतं. ज्याच्याकडे पासवर्डाखेरीज काहीच नाही, त्याने ते कुठून आणायचं? ती जागा टेम्पररी ॲक्सेस पास, म्हणजे तात्पुरता पास, भरून काढतो. हा ठरावीक मुदतीचा कोड एकटाच एमएफएची अट पूर्ण करतो.

आज फक्त चाचणी गटासाठी तो चालू केला. मूळ सेटिंग अशी असते: किमान मुदत १ तास, कमाल ८ तास, काही न सांगता पास काढला तर १ तास, लांबी ८ अक्षरं. मुदत १० मिनिटांपासून ४३,२०० मिनिटांपर्यंत, म्हणजे ३० दिवसांपर्यंत नेता येते. आम्ही किमान १० मिनिटं आणि कमाल ८ तास ठेवले. लांबी १२ केली (हा निर्णय पुढे बदलला, दिवस ११ पाहा).

‘एकदाच वापर’ हे धोरणात सक्तीचं केलं नाही. तिथे ‘होय’ निवडलं की पुन्हा पुन्हा वापरता येईल असा पास कुणालाच काढता येत नाही, आणि तशा पासची गरज पडते. सक्ती नसेल तर प्रत्येक पास काढताना कोणता प्रकार ते ठरवता येतं.

नावाबद्दल एक सूचना. तांत्रिक मंडळी याला आद्याक्षरांवरून ‘टॅप’ म्हणतात. वापरकर्त्यांसाठीच्या सूचनांत तो शब्द वापरू नका. ‘टॅप टाका’ आणि ‘बटणावर टॅप करा’ एकाच पानावर आलं की लोक कोडच्या चौकटीवर नुसतं बोट ठेवून वाट पाहतात. आमच्या पत्रकात आता सगळीकडे ‘पास’ आहे.

दिवस २: पास कोण काढणार

हेल्पडेस्कच्या चौघांना ऑथेंटिकेशन ॲडमिनिस्ट्रेटर ही भूमिका दिली. या भूमिकेतून साध्या सदस्यांना पास देता येतो. ॲडमिन खात्यांसाठी प्रिव्हिलेज्ड ऑथेंटिकेशन ॲडमिनिस्ट्रेटर लागतो. स्वतःसाठी पास कुणालाच काढता येत नाही, म्हणून वरच्या भूमिकेची किमान दोन माणसं हवीत. एकच असेल आणि त्याची चावी हरवली तर त्याला पास देणारं कुणी उरत नाही.

आणीबाणीची दोन खाती सगळ्या कंडिशनल ॲक्सेस धोरणांतून (कुणाला कोणत्या अटीवर आत सोडायचं याचे नियम) वगळली आणि दोन्हींवर सुरक्षा-चाव्या नोंदवल्या. ॲडमिन पोर्टलांसाठी मायक्रोसॉफ्टची एमएफए सक्ती या खात्यांनाही लागू आहे, त्यामुळे ‘लांबलचक पासवर्ड लिहून तिजोरीत ठेवला’ एवढ्यावर आता भागत नाही.

दिवस ३: पहिली तुकडी, ८ जण, २ यशस्वी

आठही जणांना एकदाच चालणारे पास दिले. असा पास वापरून आत शिरलं की नवी पद्धत १० मिनिटांत नोंदवून संपवावी लागते. ही अट वाचलेली होती, पण १० मिनिटं किती कमी आहेत हे समोर बसल्यावरच समजलं. एकाचं ऑथेंटिकेटर (फोनवर ओळख पटवणारं मायक्रोसॉफ्टचं ॲप) जुनं निघालं आणि अपडेट होण्यातच वेळ गेला. एकाच्या फोनला स्क्रीन लॉकच नव्हता. एकाला ॲप स्टोअरचा पासवर्ड आठवेना. सहा जणांसाठी नवे पास काढावे लागले आणि अर्धा दिवस गेला.

दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे तपासणी आधी, पास नंतर. फोनवर अँड्रॉइड १४ किंवा आयओएस १७ वा त्यापुढची आवृत्ती, स्क्रीन लॉक चालू, ऑथेंटिकेटर अद्ययावत, बॅटरी पुरेशी. हे चारही ‘हो’ झाल्याशिवाय पास काढायचाच नाही. दुसरी म्हणजे फोनवरच्या नोंदणीसाठी १ तासाचा, पुन्हा वापरता येणारा पास. एकदाच चालणारा पास फक्त समोर बसून सुरक्षा-चावी नोंदवताना.

आणखी एक बाब. एका खात्यावर एका वेळी एकच पास असतो. नवा काढला की जुना रद्द होतो. तयार झालेला कोड पडद्यावर एकदाच दिसतो, खिडकी बंद केली की ॲडमिनलाही पुन्हा वाचता येत नाही. दोन जणांचे कोड आज असेच गेले.

दिवस ४: भलत्याच पानावर

पास टाकून आत आलेले तिघे सुरक्षा माहितीच्या पानावर न पोचता ‘आणखी माहिती हवी’ या वाटेला लागले. तिथे पासकीचा पर्यायच दिसेना, फक्त फोन नंबर वगैरे. कारण पासवर्ड रीसेटसाठीची सक्तीची नोंदणी जुन्या काळापासून सगळ्यांना चालू होती. त्या मधल्या वाटेवर सुरक्षा-चावी किंवा फोन साइन-इन नोंदवता येत नाही. चाचणी गटाला त्या सक्तीतून काढलं आणि अडथळा गेला. आयडेंटिटी प्रोटेक्शनमधलं (एंट्राची धोकादायक लॉगिन ओळखणारी सेवा) एमएफए नोंदणीचं धोरण चालू असेल तर तेही असंच आडवं येतं, तेही पाहा.

दिवस ६: दीड दिवस खाल्लेली चूक

उत्साहाच्या भरात एक कंडिशनल ॲक्सेस धोरण आधीच लावून ठेवलं होतं: चाचणी गट, सगळी संसाधनं, फिशिंग-रोधक (बनावट पानावर फसवून काढून घेता न येणारं) एमएफए सक्तीचं. विचार असा की लोक पासकी नोंदवतील आणि लगेच कडक नियमाखाली येतील. झालं उलटंच. पास टाकला की ‘ही पद्धत चालत नाही, पासकी वापरा’ असं पान येई. पासकी नोंदवायला जावं तर पुन्हा तेच पान.

साइन-इन नोंदीत कंडिशनल ॲक्सेसचा भाग उघडल्यावर उलगडा झाला. तयार मिळणाऱ्या तीन ऑथेंटिकेशन स्ट्रेंग्थपैकी (कोणत्या लॉगिन-पद्धती चालतील याच्या याद्या) फक्त साध्या ‘मल्टिफॅक्टर’मध्ये तात्पुरता पास धरलेला आहे. ‘पासवर्डलेस’ आणि ‘फिशिंग-रोधक’ या दोन्हींत तो नाही. ते योग्यच आहे, कारण पास हा शेवटी फसवून काढून घेता येणारा कोड आहे. पण त्यामुळे नोंदणीची वाटही बंद होते.

आधी फक्त ‘सुरक्षा माहिती नोंदवणे’ या कृतीसाठी वेगळं, सैल धोरण करून पाहिलं. उपयोग झाला नाही. धोरणं एकमेकांना खोडत नाहीत. जितकी लागू होतात तितक्या सगळ्यांच्या अटी पाळाव्या लागतात, म्हणून सैल धोरण असूनही कडक धोरण अडवतंच.

शेवटी दोन गट केले. ‘नोंदणी चालू’ गटासाठी स्वतःची स्ट्रेंग्थ बनवली, तिच्यात फिशिंग-रोधक पद्धती आणि त्यांच्या जोडीला तात्पुरता पास. ‘नोंदणी पूर्ण’ गटासाठी निव्वळ फिशिंग-रोधक. माणूस पहिल्या गटात येतो, नोंदणी करतो, तपासणी होते, मग दुसऱ्या गटात जातो. गट बदलल्याचा परिणाम त्याच मिनिटाला दिसत नाही. थोडं थांबून, पूर्ण साइन-आउट करूनच पाहा. आम्ही न थांबता तीनदा उगाच सेटिंग उलटसुलट केली.

कडक धोरण आधी ‘फक्त अहवाल’ स्थितीत ठेवलं असतं तर हा दीड दिवस वाचला असता. त्या स्थितीत धोरण कुणाला अडवत नाही, पण लागू असतं तर काय झालं असतं ते नोंदीत दिसतं. यापुढे प्रत्येक नवं धोरण किमान एक आठवडा तसंच.

दिवस ८: लॅपटॉप

तीन प्रकार, तिन्हींची वागणूक वेगळी.

नवा कोरा लॅपटॉप: पहिल्या जुळणीच्या वेळी ईमेल आणि पास टाकून यंत्र जोडता येतं, मग हॅलोचा पिन तयार होतो. पासवर्ड कुठेच लागत नाही. एकदाच चालणारा पास इथे अडकला. जोडणी झाल्यावर हॅलोच्या टप्प्यावर पुन्हा ओळख मागितली गेली आणि तोवर पास खर्ची पडला होता. आता नव्या यंत्रासाठी पुन्हा वापरता येणारा, ४ तासांचा पास. ॲप उतरायला वेळ लागतो, १ तास पुरत नाही.

आधीच क्लाउडला जोडलेला लॅपटॉप: लॉक स्क्रीनवर पास टाकायला जागाच दिसत नाही. त्यासाठी वेब साइन-इन, म्हणजे लॉक स्क्रीनवरच वेबचं लॉगिन-पान, चालू करावं लागतं. इंट्यूनमध्ये (यंत्रं दुरून सांभाळायची मायक्रोसॉफ्टची सेवा) ते एकच सेटिंग आहे. विंडोज ११ ची २२एच२ आवृत्ती आणि सप्टेंबर २०२३ चं केबी५०३०३१० किंवा त्यापुढचं अपडेट हवं. यंत्र इंटरनेटला जोडलेलं हवं. विमानात किंवा नेटवर्क नसलेल्या खोलीत हा मार्ग नाही.

हायब्रिड लॅपटॉप: वेब साइन-इन चालत नाही. आधी पासवर्ड, स्मार्टकार्ड किंवा सुरक्षा-चावीने आत जायचं आणि मग पास वापरून हॅलो नोंदवायचा. म्हणून या लोकांचा पासवर्ड हॅलो चालू होईपर्यंत जिवंत ठेवा. एका खात्याचा पासवर्ड आम्ही घाईने आधीच बदलला आणि तो माणूस स्वतःच्याच यंत्राबाहेर राहिला.

हॅलोने आत आल्यावर कार्यालयातल्या फाइल सर्व्हरने पासवर्ड मागितला, अशा चार तक्रारी आल्या. कारण क्लाउड केर्बेरॉस ट्रस्टची, म्हणजे हॅलोच्या लॉगिनवर कार्यालयातले सर्व्हर उघडणाऱ्या जोडणीची, मांडणी राहिली होती. डोमेन कंट्रोलर (कार्यालयातलं लॉगिन तपासणारे सर्व्हर) विंडोज सर्व्हर २०१६ किंवा पुढचे असले की ती करता येते. प्रत्यक्ष काम तासाभराचं, पण लोकांना हात लावण्याआधी करायचं. डोमेन ॲडमिनसारख्या मोठ्या अधिकाराच्या खात्यांना ती मुळातच लागू होत नाही, आणि ते तसंच ठेवा.

दिवस ९: पास माणसाच्या हाती कसा द्यायचा

सगळ्या कामात याच भागाला सर्वांत जास्त विचार द्यावा, असं आमचं ठाम मत आहे. ज्याच्या हाती पास, त्याच्या हाती अख्खं खातं. चोराला पासवर्डही लागत नाही आणि फोनही लागत नाही. शिवाय तो त्या पासवर स्वतःची पासकी नोंदवू शकतो, आणि मग पासची मुदत संपली तरी तो आतच राहतो. हेल्पडेस्कला फोन करून ‘फोन हरवला, लगेच कोड द्या’ म्हणणं हा म्हणूनच चोरांचा आवडता रस्ता आहे.

आमच्याकडून चूक झालीच. एका तुकडीचे २५ पास आदल्या संध्याकाळी स्क्रिप्टने काढले, मुदत ८ तासांऐवजी तात्पुरती २४ तास केली आणि यादी एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. तो फोल्डर पूर्ण विभागाला उघडा होता. सकाळी हे लक्षात आल्यावर पंचवीसही पास रद्द केले, साइन-इन नोंदींत त्या रात्री पासने कुणी आत आलं का ते एकेक करून तपासलं, शिवाय त्या खात्यांवर नवी पद्धत नोंदली गेली का तेही पाहिलं. काही सापडलं नाही. धोरणाची कमाल मुदत पुन्हा ८ तास केली.

आता शिस्त अशी:

पास आधी काढून ठेवायचा नाही. माणूस समोर आला किंवा पडताळणी झालेल्या कॉलवर असला की तेव्हाच काढायचा. एखाद्याला दूरवर ठरावीक वेळी द्यायचा असेल तर ग्राफमधून (मायक्रोसॉफ्टच्या सेवा प्रोग्रामने चालवायची सोय) पास काढताना सुरू होण्याची वेळ देता येते, त्याआधी तो चालत नाही. मुदत त्या वेळेपासून मोजली जाते.

दूरच्या माणसाची पडताळणी: त्याने सांगितलेल्या नंबरवर नाही, कर्मचारी नोंदीत असलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. शिवाय त्याच्या वरिष्ठाने व्हिडिओ कॉलवर चेहरा पाहून दुजोरा द्यायचा. जन्मतारीख, कर्मचारी क्रमांक यांसारख्या प्रश्नांवर भरवसा नाही, ती माहिती चोरालाही मिळते.

पास त्याच खात्याच्या ईमेलवर किंवा चॅटवर कधीही पाठवायचा नाही. घाई करणारा, चिडणारा, मोठ्या पदाचं नाव घेणारा कॉल असला तरी पायरी गाळायची नाही. हेल्पडेस्कने नकार दिला तर त्याला पाठिंबा मिळेल, हे वरिष्ठांकडून लेखी घेतलं. त्याचा परिणाम दिसतो. आता मुलं न बिचकता ‘मी उलट फोन करते’, ‘मी उलट फोन करतो’ म्हणतात.

दिवस ११: लांबी १२ वरून ८

पासमध्ये लहान-मोठी इंग्रजी अक्षरं, अंक आणि चिन्हं मिसळून येतात. बारा अक्षरांचा असा कोड फोनवर सांगणं म्हणजे दर तिसऱ्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून. लांबी परत ८ केली. मुदत तासाभराची असताना लांबीने मिळणारी जादा सुरक्षा नगण्य, आणि लांब कोड माणसं कागदावर लिहून ठेवतात हा तोटा खरा. मुदत दिवसांत देणार असाल तर मात्र लांबी वाढवा.

दिवस १२: पासकी आणि चाव्या

ऑथेंटिकेटरमधली पासकी दोन वाटांनी नोंदवता येते. लॅपटॉपवर सुरक्षा माहितीचं पान उघडून क्यूआर कोड फोनने वाचायचा, किंवा फोनवरच ॲपमध्ये खातं जोडून तिथेच पास टाकायचा. आम्ही पहिली वाट धरली होती, ती चुकली. तिला दोन्ही यंत्रांवर ब्लूटूथ लागतं. शिवाय दोन्ही यंत्रं इंटरनेटवरच्या एका मध्यस्थ सर्व्हरमार्फत बोलतात आणि आमचा प्रॉक्सी (इंटरनेटची ये-जा तपासणारा सर्व्हर) तो पत्ता अडवत होता. पडद्यावर फक्त ‘काहीतरी चुकलं’. फोनवरच पास टाकण्याची वाट सरळ आहे, ब्लूटूथचा प्रश्नच येत नाही. एक गोष्ट विसरू नका: अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये पासकी पुरवणारं ॲप म्हणून आणि आयफोनवर ऑटोफिलमध्ये ऑथेंटिकेटर आधी चालू करावं लागतं.

पुढे दुसऱ्याच लॅपटॉपवर फोनची पासकी वापरायची झाली तर ब्लूटूथ आणि तो मध्यस्थ सर्व्हर लागतातच. म्हणून प्रॉक्सीत तो पत्ता मोकळा केला.

ज्यांचे फोन जुने किंवा ज्यांना स्वतःचा फोन कामासाठी वापरायचा नाही, त्यांना सुरक्षा-चाव्या. ॲडमिन खात्यांना प्रत्येकी दोन, एक जवळ आणि एक कुलपात. चावीच्या पिनबद्दल आधीच सांगा: सलग तीनदा चुकला तर चावी काढून पुन्हा लावावी लागते, मधे एकदाही बरोबर न येता आठ वेळा चुकला तर ती कायमची अडते. मग रीसेट करावी लागते आणि तिच्यावरच्या सगळ्या पासकी पुसल्या जातात. दोन चाव्या अशा गेल्या.

चाव्यांचे ठरावीक प्रकारच चालतील असं बंधन आम्ही एएजीयूआयडी (चावीच्या मॉडेलचा ओळखक्रमांक) यादीने घातलं होतं. दुसऱ्या खेपेतल्या सगळ्या चाव्या नाकारल्या गेल्या. दिसायला त्याच, पण फर्मवेअर नवं आणि ओळखक्रमांक वेगळा. नवी खेप आली की एक चावी आधी स्वतः नोंदवून पाहा.

दिवस १५: पास जिथे चालतच नाही

व्हीपीएन एनपीएस एक्स्टेंशनवर (व्हीपीएनसारख्या लॉगिनला एमएफए जोडणारा विंडोज सर्व्हरचा भाग) होता. तिथे तात्पुरता पास चालत नाही, एडी एफएसच्या (कार्यालयातल्या सर्व्हरवरची लॉगिन-सेवा) एमएफए ॲडॉप्टरमध्येही नाही. व्हीपीएन थेट एंट्रावरच्या सॅमल लॉगिनला (ब्राउझरमधून एंट्राकडून ओळख पटवण्याची पद्धत) नेला. या कामाला ३ दिवस लागले आणि तोवर दूरवरून काम करणाऱ्यांची तुकडी थांबवली. हे पहिल्या आठवड्यातच शोधायला हवं होतं. साइन-इन नोंदीत फक्त जुन्या पद्धतीचं लॉगिन वेगळं काढून पाहिलं की यादी अर्ध्या तासात मिळते. आमच्याकडे व्हीपीएनखेरीज दोन स्कॅनर निघाले, एका कर्मचाऱ्याच्या खात्याच्या पासवर्डावर मेल पाठवणारे.

दिवस १७: ‘मधेच बाहेर फेकलं गेलो’

नोंदणी झाल्यावर तासाभराने काही जण सगळ्या ॲपमधून बाहेर पडत होते. हा बिघाड नाही. पास वापरून मिळालेलं सत्र पासच्याच मुदतीला बांधलेलं असतं, पास संपला की तेही संपतं. ते नोंदणीनंतरही पासच्याच सत्रात काम करत बसले होते.

म्हणून शेवटची पायरी जोडली: नोंदणी झाली की पूर्ण साइन-आउट, मग ब्राउझरच्या खासगी खिडकीत पासकीने लॉगिन, ते जमलं की पास लगेच काढून टाकायचा. पास शिल्लक असेल तर लॉगिनचं पान आधी पासच मागतं, लोक तोच टाकतात आणि पासकी चालते की नाही हे कळतच नाही. पास काढून टाकल्यावरही काही मिनिटं जुनं पान दिसू शकतं.

दिवस १९: मागची दारं

पासकी दिली आणि एसएमएस तसाच ठेवला तर चोर एसएमएसच्याच दाराने येतो. क्रम असा ठेवला. ७ दिवसांच्या नोंदींत ज्याचं एकही पासवर्ड-लॉगिन नाही आणि ज्याच्याकडे दोन पद्धती आहेत (पासकी आणि हॅलो, किंवा दोन चाव्या), त्याला ‘नोंदणी पूर्ण’ गटात टाकायचं. मग त्याच्या खात्यावरचे एसएमएस आणि फोन कॉल काढायचे. त्यानंतर पासवर्ड कुणालाही माहीत नसलेल्या लांब यादृच्छिक मजकुराने बदलायचा.

एकच पद्धत असलेल्यांना या गटात टाकलं नाही. फोन हरवला की ते पुन्हा पाससाठी येणार, म्हणजे सर्वांत नाजूक पायरी पुन्हा. त्यामुळे दुसरी पद्धत नोंदवेपर्यंत त्यांचं काम आमच्या खात्यात ‘अपूर्ण’.

फोन हरवल्यावरचा क्रमही ठरवला: दिवस ९ ची पडताळणी, जुनी पासकी काढणं, चालू सत्रं रद्द करणं, मग नवा पास. पास आधी दिला आणि जुनी पासकी राहिली, असं होऊ द्यायचं नाही.

दिवस २२: हिशेब

तयारी पूर्ण असलेल्या माणसामागे समोरासमोर १५ मिनिटं, दूरवर पडताळणीसह ३० ते ३५. तयारी नसेल तर तासही पुरेल याचा भरवसा नाही. वाया गेलेला वेळ: कंडिशनल ॲक्सेसचा दीड दिवस, रद्द केलेल्या २५ पासांची तपासणी पाऊण दिवस, पहिल्या तुकडीचा अर्धा दिवस.

१८० पैकी १६३ खाती ‘नोंदणी पूर्ण’. उरलेली १७: रजेवर असलेले ६, दुसरी पद्धत बाकी असलेले ८, सामायिक यंत्रावर काम करणारे ३. सामायिक यंत्रावर हॅलो प्रत्येक यंत्रावर वेगळा नोंदवावा लागतो, म्हणून या तिघांना चाव्याच देणार. चाव्यांची पुढची खेप आल्यावर एएजीयूआयडी तपासून उद्या पहिली नोंदणी.